खांद्याच्या एका दुखण्याचा इतिहास

तीन वर्षांपूर्वीं पावसाळ्यांत कॉलेजच्या जिन्यावरून उतरतांना माझा पाय घसरला, आणि पडतां पडतां मीं उजव्या हातानें कठडा घट्ट धरला. हाताला जबर हिसका बसला, खांद्यांत कांहीं तरी फाटल्याचा भास झाला, आणि लवकरच मी ती गोष्ट विसरूनहि गेलों. ठणका पंधरा दिवसांत ओसरला. परंतु तेव्हांपासून फळ्याच्या वरच्या कोपऱ्यांत सनावळी लिहावयास हात पोंचेना. आमचा विषय इतिहास. सनावळीवांचून आमचें चालत नाहीं. घरांत कोणी वात म्हणालें, कोणी वय म्हणालें. ज्या दवाखान्यांत गेलों तेथें ‘खांदा आखडला आहे’ असें सांगून शेक आणि व्यायाम दिला, व मींहि तें विनातक्रार मानलें. अखेर गेल्या उन्हाळ्यांत एका शस्त्रवैद्यांनीं खांद्याचा एम्. आर्. आय्. करविला आणि त्याचें चित्र पडद्यावर मला दाखविलें. स्नायु दिसावयाचा तेथें करडा रंग असतो, चरबी पांढरी दिसते, असें त्यांनीं अगोदर सांगून ठेविलें होतें. पाहतों तों खवाट्याच्या वरच्या खोबणींत करड्यापेक्षां पांढरेंच अधिक! “कंडरा तुटून मागें सरली आहे, ती कदाचित् शिवतां येईल,” ते म्हणाले. “परंतु जिनें ओढावयाचें ती शक्ति आतां मागें उरलेली नाहीं. आपण दोन वर्षांपूर्वीं आलां असतां तर गोष्ट निराळी होती, सर.”

मोटेचा नाडा तुटला तर नाडा जोडावा, एवढें मला कळत होतें. (मोटा आतां कोठें दिसत नाहींत, पण माझ्या लहानपणीं आजोळीं मीं त्या पाहिल्या आहेत.) नाडा तुटल्यामुळें खुद्द बैलच आंतून झिजूं लागतो, आणि मग नाडा कितीहि चांगला जोडला तरी मोट वर येत नाहीं, ही मात्र गोष्ट मला नवी होती. सवयीप्रमाणें मी सनावळीकडे वळलों. ही गोष्ट मनुष्यास केव्हां कळली? वाचूं लागलों तेव्हां जें हातीं लागलें त्याचें मला नवल वाटलें. या कंडरेला पडलेलें भोंक सन १७८८ सालीं छापील ग्रंथांत नमूद झालेलें आहे. त्या भोंकामागच्या स्नायूंत किती चरबी सांठली आहे याची पद्धतशीर मोजणी मात्र १९८९ च्या सुमारास सुरू झाली. मधलीं दोनशें वर्षें मोठमोठे विद्वान् भोंकाकडेच पाहत होते.

प्रथम थोडें शरीररचनेविषयीं सांगावयास हवें. खांद्याच्या सांध्याला उखळीचा सांधा म्हणतात खरें, परंतु ही उखळ अत्यंत उथळ आहे. बशीवर चेंडू टेकवावा त्याप्रमाणें दंडाच्या हाडाचें गोल डोकें खवाट्याच्या, म्हणजे पाठीवरील त्या त्रिकोणी पातळ हाडाच्या, बाहेरच्या टोकाशीं टेकलेलें असतें. म्हणूनच आपला हात चोहोंकडे फिरतो. चेंडू घसरूं नये यासाठीं खवाट्यापासून चार स्नायु निघतात, आणि त्यांच्या कंडरा, म्हणजे स्नायूंच्या टोकांशीं असलेल्या पांढऱ्या चिवट दोऱ्या, एकमेकींत मिसळून त्या डोक्यास टोपीप्रमाणें वेढतात. इंग्रजी जाणणारे डॉक्टर यास ‘रोटेटर कफ’ म्हणतात. हा कफ सदऱ्याच्या बाहीचा, वातपित्तकफांतला नव्हे. माझ्या मातोश्रींनीं तो तसाच समजून माझें ताक बंद केलें होतें. या चौघांतला सगळ्यांत वरचा स्नायु ‘सुप्रास्पायनेटस’. तो खवाट्याच्या पाठीवरील उंचवट्याच्या वरच्या खोबणींत बसतो. त्याच उंचवट्याच्या खालीं त्याचा भाऊ ‘इन्फ्रास्पायनेटस’ आहे. वरच्याची कंडरा खांद्याच्या छपराखालील अरुंद वाटेनें पुढें जाते. बहुधा फाटते ती हीच.

एडिंबरा येथें अलेक्झांडर मन्रो या एकाच नांवाचे आजा, बाप व नातू शरीरशास्त्राच्या एकाच अध्यासनावर लागोपाठ बसले. त्यांतील मधल्यानें सन १७८८ सालीं शरीरांतील वंगणाच्या पिशव्यांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. सांध्याजवळ हाड व कंडरा एकमेकांवर घासूं नयेत म्हणून या पिशव्या असतात. त्यांचें वर्णन करतां करतां एका खांद्याच्या आवरणांत आपणांस फाटक्या कडांचें भोंक आढळल्याचें तो सांगतो, आणि पुढें जातो. त्याचें लक्ष पिशव्यांवर होतें. भोंक वाटेंत भेटलें इतकेंच. त्यानंतर सन १८३४ मध्यें जॉन ग्रेगरी स्मिथ यानें ‘लंडन मेडिकल गॅझेट’ या पत्रांत सात खांद्यांची हकीकत दिली. हे सातहि खांदे त्यानें प्रेतांवर पाहिले होते, आणि कंडरा तुटल्याचें त्यानें स्वच्छ लिहिलें आहे. परंतु प्रेताला हात वर करावयास सांगतां येत नाहीं. ज्याचा खांदा दुखतो तो मनुष्य एका खोलींत आणि ज्याची कंडरा तुटलेली दिसते तो दुसऱ्या, अशी ही स्थिति होती. दोन खोल्यांमधील दार कोणीं उघडलें नव्हतें.

सन १८७२ मध्यें पॅरिसच्या दुप्ले या शस्त्रवैद्यानें आखडणाऱ्या, दुखणाऱ्या खांद्याला एक भारदस्त नांव दिलें. त्याचा अर्थ खांद्याच्या सांध्याभोंवतालचा दाह, एवढाच. दुप्ले हा कुशल निरीक्षक होता, आणि रोग सांध्याच्या आंत नसून भोंवतीं आहे हें त्यानें ओळखलें, हें त्याचें ऋण मान्य केलेंच पाहिजे. पण नांवाचा एक दुर्गुण असा कीं तें मिळालें म्हणजे शोध थांबतो. पुढें कित्येक दशकें कोणताहि दुखरा खांदा या एकाच पोत्यांत भरला गेला. आपल्याकडे ‘वात’ या शब्दानें हेंच काम केलें आहे, व माझ्या बाबतींत ‘आखडलेला खांदा’ या शब्दानें केलें. त्या दवाखान्याला मी दोष देत नाहीं. नांव ऐकतांच माझेंहि समाधान झालेंच होतें.

या दोन खोल्यांमधलें दार ज्यानें जवळजवळ एकट्यानें उघडलें त्याच्यापाशीं जरा अधिक थांबावयास हवें. बोस्टनचा अर्नेस्ट एमरी कॉडमन (१८६९–१९४०) हा विद्यार्थी असतांनाच त्यानें व त्याचा सहाध्यायी हार्वे कुशिंग यानें गुंगी दिलेल्या रोग्याची नाडी आणि श्वास वेळोवेळीं टिपून ठेवण्याचा तक्ता सुरू केला. जें घडेल तें लिहून ठेवावें ही त्याची खोड तेव्हांपासूनची. पुढें मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलांत शस्त्रवैद्य झाल्यावर त्याचा आग्रह असा, कीं प्रत्येक रोग्याच्या नांवें एक कार्ड असावें; उपचारास एक वर्ष झालें म्हणजे त्या रोग्यास बोलावून ‘तूं बरा झालास काय?’ असें विचारावें. आणि तो झाला नसेल तर दोष रोगाचा, रोग्याचा, इस्पितळाचा कीं डॉक्टरचा, हें त्याच कार्डावर लिहावें. ही गोष्ट आज इतकी साधी वाटते कीं तिच्याकरितां कोणाला नोकरी सोडावी लागली असेल हें पटत नाहीं. कॉडमनला ती सोडावी लागली. बढती वयोज्येष्ठतेनें होते, निकालावर होत नाहीं, या निषेधार्थ त्यानें सन १९१४ मध्यें राजीनामा दिला. सन १९११ मध्यें त्यानें स्वतःचें एक लहानसें इस्पितळ काढलेंच होतें. १९१६ पर्यंत तेथून जे ३३७ रोगी घरीं गेले त्यांच्या बाबतींत झालेल्या १२३ चुका त्यानें स्वतः मोजून, स्वतःच्या खर्चानें छापून प्रसिद्ध केल्या!

एवढ्यावर तो थांबता तर कदाचित् लोकांनीं त्याला विक्षिप्त म्हणून सोडून दिलें असतें. परंतु जानेवारी १९१५ मध्यें बोस्टनच्या वैद्यांच्या एका भरसभेंत त्यानें एक प्रचंड व्यंगचित्र उघडें केलें. वाळूंत डोकें खुपसलेला एक शहामृग, आणि मागच्या पायांनीं तो सोन्याचीं अंडीं डॉक्टरांकडे लाथाडीत आहे. शहामृग म्हणजे शहरांतील धनिक वस्ती. डॉक्टरांना प्रश्न असा पडलेला कीं आपल्या उपचारांचा खरा निकाल या पक्ष्याला सांगितला तर तो अंडीं घालील काय? सभेंत गदारोळ झाला. त्या मंडळाचें अध्यक्षपद गेलें, हार्वर्डमधील शिकविण्याची जागा गेली, आणि मित्रांनीं तोंड फिरविलें. कॉडमन भांडखोर होता यांत शंका नाहीं. त्याच्या जागीं थोडा गोडबोल्या मनुष्य असता तर त्याच्या सुधारणेला वीस वर्षें कमी लागलीं असतीं असेंहि मला कधीं कधीं वाटतें. पण गोडबोल्या मनुष्यानें ती काढलीच नसती.

त्याच खोडीचें फळ खांद्याला मिळालें. सन १९०९ मध्यें कॉडमननें एका रोग्याची तुटलेली सुप्रास्पायनेटसची कंडरा शोधून शिवली, व १९११ मध्यें अशा दोन शस्त्रक्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. त्याचे रोगी बहुतांशीं मजूर होते. मजुराचा हात वर जाईना म्हणजे पोट जातें. आणि वरून पाहणाराला कांहीं दिसत नसल्यामुळें तो ढोंगी ठरतो. क्ष-किरण १८९५ पासून होते, पण ते हाड दाखवितात, कंडरा दाखवीत नाहींत. कॉडमन बोटांनीं चांचपून तें भोंक ओळखूं लागला. सन १९३४ मध्यें, वयाच्या पासष्टीच्या घरांत, त्यानें ‘द शोल्डर’ हा आपला मोठा ग्रंथ पदरच्या पैशानें छापला. कंडरा तुटल्यावर खवाट्यावरचें मांस झिजून तेथें खळगी दिसूं लागते, हें लक्षण त्यानें नोंदलें आहे. आणि ओळख लवकर पटावी, शिवणें लवकर व्हावें, यावर त्याचा सारा भर आहे. म्हणजे तो दाराशीं येऊन पोंचला होता. पण जिवंत माणसाच्या कातडीखालील स्नायूंत काय चाललें आहे हें पाहण्याचें साधन त्याच्या हयातींत निघालें नव्हतें.

पुढल्या चाळीस वर्षांचा इतिहास शिवणाऱ्यांचा आहे. न्यूयॉर्कच्या हॅरिसन मॅक्लॉफ्लिननें सन १९४४ मध्यें कंडरा पुनः हाडांत बसविण्याची रीत वर्णिली. सन १९७२ मध्यें चार्ल्स नीअरनें छपराच्या हाडाची पुढली कड तासून वाट मोकळी करण्याची शस्त्रक्रिया मांडली. टांके सुधारले, सुया सुधारल्या. तरीहि एक कोडें सुटेना. कांहींची शिवण पुनः उसवे. हें समजण्यासारखें होतें. परंतु कांहींची शिवण उत्तम टिके आणि हात मात्र तसाच दुबळा राही. कोणीं रोग्याच्या आळसास बोल लाविला, कोणीं व्यायाम शिकविणाऱ्यास.

उलगडा झाला तो एका इंग्रज इंजिनिअरच्या यंत्रामुळें. गॉडफ्रे हाउन्सफील्डच्या सी. टी. यंत्रानें १९७१ मध्यें लंडनजवळच्या इस्पितळांत प्रथम एका रोग्याच्या मेंदूचा काप दाखविला, व १९७९ मध्यें कॉर्मॅकसह त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. मेंदूकरितां काढलेलें हें यंत्र पॅरिसजवळील क्रेतेय येथील दानिएल गुतालिए यानें आपल्या सहकाऱ्यांसह खांद्याकडे वळविलें. भोंक पाहण्यासाठीं सारेच पाहत होते. यानें नजर चार बोटें मागें नेली. तेथें जे स्नायु जाड व भरलेले असावयाचे, त्यांत चरबीचे पट्टे होते. सन १९८९ च्या सुमारास व पुढें १९९४ मधील प्रसिद्ध निबंधांत त्यानें त्याच्या पांच पायऱ्या लाविल्या. शून्य म्हणजे चरबी मुळींच नाहीं. एक म्हणजे तुरळक रेघा. दोन म्हणजे चरबी आहे पण स्नायु तिच्याहून अधिक. तीन म्हणजे दोन्ही समसमान. चार म्हणजे चरबीचेंच राज्य. इतकी सोपी मोजपट्टी कीं ती शाळेंतल्या मुलाच्याहि ध्यानांत राहील. तिनें जें सांगितलें तें मात्र कठोर होतें. वरच्या पायऱ्यांवर गेलेला स्नायु चांगल्या शिवणीनंतरहि मागें येत नाहीं. उलट इन्फ्रास्पायनेटसमध्यें चरबी शिरली असेल तर शेजारच्या कंडरेच्या दुरुस्तीचा निकालहि बिघडतो. म्हणून मोठें भोंक असेल तर ही हानि कायमची होण्याअगोदर शिवा, असें त्यानें आपल्या धंदेबंधूंस सांगितलें. कॉडमननें ‘लवकर’ म्हटलें होतें. ‘लवकर’ म्हणजे केव्हां, हें आतां मोजतां येऊं लागलें. एम्. आर्. आय्. वर तीच मोजपट्टी १९९९ मध्यें लागू झाली, आणि माझ्या शस्त्रवैद्यांनीं बोट ठेविलें तें तिच्याच तिसऱ्या पायरीवर.

आतां प्रश्न राहिला कीं दोरी तुटल्यानें स्नायूंत चरबी शिरते तरी कां? याचें सर्वांत सुंदर उत्तर झूरिच येथें मेंढ्यांच्या खांद्यांवरून मिळालें. क्रिस्तियान गेर्बर व त्याच्या सहकाऱ्यांनीं मेंढीच्या इन्फ्रास्पायनेटसची कंडरा हाडापासून सोडविली, ती आपोआप जुळूं नये अशी तजवीज केली, आणि चाळीस आठवडे वाट पाहून मग ती पुनः जोडली. चरबी शिरली होती ती दुरुस्तीनंतर मागें हटली नाहीं; हें २००४ मध्यें प्रसिद्ध झालें. त्याच वर्षीं त्यांतील मायर प्रभृतींनीं यामागचें भूमितीशास्त्र मांडलें. या स्नायूंचे तंतू कंडरेला पिसाच्या केसांप्रमाणें तिरपे जडलेले असतात. कंडरा तुटून स्नायु मागें आखडला म्हणजे तंतू आंखूड होतात, व अधिक आडवे होऊन एकमेकांपासून दूर होतात. खवाट्याची खोबण तेवढीच राहते, तंतू तेवढेच राहतात, पण मधल्या फटी रुंदावतात. आणि शरीराला रिकामी जागा खपत नाहीं. त्या फटींत चरबी येऊन बसते.

हें वाचलें तेव्हां मला बर्लिनच्या रुडोल्फ व्हिर्खोची आठवण झाली. पेशींच्या विकृतींवरील आपल्या १८५८ च्या व्याख्यानांत त्यानें बजाविलें होतें, कीं तंतूंच्या मध्यंतरीं चरबी सांठणें निराळें, आणि खुद्द पेशीच चरबींत विरून नष्ट होणें निराळें. गुतालिएच्या निबंधाच्या मथळ्यांत ‘ऱ्हास’ या अर्थाचा शब्द होता. झूरिचच्या मंडळींनीं ‘शिरकाव’ हा शब्द पसंत केला. हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. ऱ्हास झाला असेल तर स्नायु मेला. शिरकाव असेल तर उरलेले तंतू जिवंत आहेत, मात्र अयोग्य कोनांत अडकले आहेत. दोहोंत कांहीं अंशीं तथ्य आहे, कारण तंतूहि झिजतातच. सन २०१० मध्यें व्हँकुव्हर येथील व जपानमधील संशोधकांनीं निरनिराळे प्रयोग करून स्नायूंत अशा पेशी दाखविल्या कीं ज्या एरवीं दुरुस्तीला हातभार लावितात, परंतु परिस्थिति बिघडली कीं स्वतः चरबी बनतात. तेव्हां चरबी बाहेरून येते असेंहि म्हणतां येत नाहीं; ती घरांतलीच मंडळी. त्यांना वेळींच आवरतां येईल काय, यावर शोध चालू आहे.

आणि वेळ किती असतो? फ्रान्समधील शस्त्रवैद्यांनीं १६८८ रोग्यांचीं चित्रें तपासून २०१० मध्यें हिशेब दिला. लक्षणें सुरू झाल्यापासून सरासरी तीन वर्षांनीं सुप्रास्पायनेटसमध्यें मध्यम प्रमाणांत, व पांच वर्षांनीं तीव्र प्रमाणांत चरबी आढळते. सरासरी ही सरासरीच. कोणाची वाट लवकर चालते, कोणाची सावकाश. मी अडीच वर्षें शेक घेत बसलों होतों.

येथें एक गोष्ट सांगितली नाहीं तर मी पुष्कळांच्या जिवाला उगाच घोर लाविल्यासारखें होईल. सन १९९५ मध्यें अमेरिकेंत ज्यांचा खांदा मुळींच दुखत नाहीं अशा ९६ माणसांचे एम्. आर्. आय्. काढले. साठीच्या पुढच्यांपैकीं निम्म्याहून अधिक लोकांच्या कंडरा अंशतः किंवा पूर्ण फाटलेल्या निघाल्या! त्यांना त्याचा पत्ताहि नव्हता. म्हणजे वयपरत्वें सावकाश विरत गेलेली कंडरा पुष्कळांना जन्मभर निभावून नेते; खांदा कुरकुरला कीं धांवत सुटण्याचें कारण नाहीं. परंतु हिसका बसला, आणि त्या क्षणापासून हात वर जाईनासा झाला, तर ती गोष्ट वेगळी. तेथें महिने मोजावयाचे असतात. आमच्या घरीं, कॉलेजांत, आणि त्या दवाखान्यांतहि, मला कोणीं ‘केव्हांपासून?’ असा प्रश्न विचारलाच नाहीं, ‘किती दुखतें?’ एवढेंच विचारलें. दुखणें तर कमी होत चाललें होतें.

ज्यांचा स्नायु पूर्ण गेला आहे त्यांच्यासाठीं दिझोंच्या पॉल ग्रामों यानें १९८५ मध्यें चेंडू बशीच्या जागीं व बशी चेंडूच्या जागीं बसविलेला उलटा सांधा तयार केला. त्यांत झिजलेल्या स्नायूंचें काम खांद्यावरील मोठा स्नायु करतो. माझी पाळी अजून तेथवर आलेली नाहीं. उरलेले स्नायु बळकट करण्याचा व्यायाम मला लावून दिला आहे, आणि तो मी इमानानें करीत आहें.

कॉडमनच्या मरणोत्तर चौऱ्याहत्तर वर्षें त्याच्या दफनस्थानीं नांवाचा दगड नव्हता; सन २०१४ मध्यें अमेरिकन शस्त्रवैद्यांनीं तो बसविला. तें वाचलें त्याच आठवड्यांत मीं माझ्या शस्त्रवैद्यांना म्हटलें, कीं एक वर्षानें मला बोलावून निकाल विचाराल काय? ते हंसले, आणि माझ्या कागदावर पुढल्या जूनमधली एक तारीख लिहून त्यांनीं तिच्याखालीं रेघ मारली. तोंवर सनावळी मी फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागांत लिहितों. मागच्या बांकांवरील मुलांना ती दिसत नाहीं, म्हणून तीं उभीं राहून उतरून घेतात.